वाळूचं रिंगण

आमच्या अंगणवाडीची खोली म्हणजे टिनाचं छप्पर घातलेली भट्टी. उन्हाळा लागला की दुपारच्या आत तिथं बसवत नाही, लेकरं घामेजून एकमेकांच्या अंगावर झोपून जातात. भिंतीवर कोणीतरी जहाज रंगवून ठेवलेलं, आगगाडी, सफरचंद, आणि काय डोकं चाललं होतं कोण जाणे, एक पेंग्विन. मुलचेऱ्याच्या पलीकडे न गेलेल्या पोराला मी रोज काठी लावून विचारायचं, हे काय? तो म्हणायचा, जहाज. आणि दाराबाहेर दोन जुन्या चिंचा, चिंचांमागे तळं, तळ्यामागे सगळं जंगलच जंगल, पण त्याच्याबद्दल विचारायचं कोणी नाही. एक दिवस माझं डोकं फिरलं. माझं डोकं फिरायला तसं फार काही लागत नाही. मी काठी मोडून कोपऱ्यात फेकली, दार सताड उघडलं आणि पोरांना म्हटलं, चला, सगळे बाहेर.

चिंचांखालची ती जागा तेव्हा घाणेरीनं भरलेली होती. पोरांच्या आयांना हाताशी घेतलं, झुडपं उपटली, काचा वेचल्या. बापांच्या मागे भुंगा लावून बांबूच्या ताटव्यांचं कुंपण उभं करून घेतलं, कारण गावातल्या बकऱ्यांना अंगणवाडी माझ्यापेक्षा जास्त आवडते. नाल्यातून बैलबंडीनं वाळू आणवली आणि मधोमध एक मोठं गोल रिंगण केलं, कडेनं हातभर धोंडे लावले. बसायला ऐनाच्या खोडाचे ओंडके ठेवले, त्याची साल सुसरीच्या पाठीसारखी. पोरांना डोळे मिटून ती चाचपायला सांगायची. एका बाजूला फुटकी मडकी, पळसाची पानं आणि चिखल, म्हणजे त्यांचं सैपाकघर. बांबूच्या मांडणीवर त्यांचा खजिना: बिबा, हिरडा, तळ्यातले शंख, साळूचा काटा, पिसं. चपला मात्र फाटकाबाहेर. हा माझा नियम होता आणि तो मी कोणाला मोडू दिला नाही. पायाला माती कळली पाहिजे, असं मी आयांना ऐकवायची.

वाळूची बंडी ज्यानं आणली तो आमच्याच एका पोरीचा बाप. तळ्यात जाळं टाकायचा, मासोळी विकायचा, बाकीच्या दिवसांत लोकांच्या धानाच्या बांधीत रोजीनं जायचा. माणूस गरीब स्वभावाचा, हातात कला. जाळ्याची गाठ अशी मारायचा की सुरीशिवाय सुटायची नाही. त्याची पोरगी चार वर्षांची, काळीसावळी, बोलायला कमी आणि बघायला जास्त. घरचा एक लाल कोंबडा ती काखेत मारून अंगणवाडीत आणायची. कोंबडा तिच्या निम्म्याएवढा, पण तिच्याजवळ गुमान राहायचा. मी त्याचाच धडा केला. एकेका पोराला त्याच्या पंखाखाली तळवा ठेवायला लावायची, डोळे मिटायला लावायची आणि विचारायची, काय लागतं? धकधक लागते, बाई. मग आपल्या सोबत्याच्या काखेत हात घाला, तिथं लागते का? लागते. त्या पोरीला हे इतकं आवडलं की ती दिसेल त्याच्या काखेत हात घालत सुटली. बकरी म्हणू नका, कुत्रं म्हणू नका, शाळेचा मास्तरसुद्धा तिनं सोडला नाही. आमच्या वरच्या मॅडम तपासणीला आल्या तेव्हा त्यांनी याचा फोटो काढून नेला आणि मी महिनाभर फुगून फिरले.

मी राहते बाजूच्या गावात, रविवारी इकडे फिरकत नाही. त्यामुळे रविवारी काय होतं हे मला एका सोमवारी पोरांनी दाखवलं.

मी आले तेव्हा सगळी पोरं रिंगणाभोवती गोळा होऊन ओरडत होती, लालवर, काल्यावर. मधे दोन पोट्टे हात मागे धरून एकमेकांवर उड्या मारत होते आणि हवेत पाय झाडत होते. ती पोरगी त्यांच्याजवळ उकिडवी बसली होती. तिनं एकाचा पाय मांडीवर घेतला, त्याच्या घोट्याला बांबूची कापटी लावली, दोरा गुंडाळला, थुंकी लावली आणि शेवटची गाठ दातानं ओढली. अगदी तिचा बाप. मग दोघे भिडले, एक पडला, दुसरा त्याच्या छातीवर बसला आणि पोरीनं एकदम सपाट आवाजात सांगितलं, मेला, हंडीत टाका. मी हसायच्या बेतात होते. तेवढ्यात वाळूकडे नजर गेली. जागोजागी काळपट गोळे झाले होते आणि त्यावर माशा बसल्या होत्या.

मदतनिसीला धरलं. ती म्हातारी विधवा, गावातलीच, अंगणवाडीच्या मागेच तिचं घर. आधी म्हणाली, मले काय मालूम. मी कमरेवर हात ठेवले तेव्हा सगळं भडाभडा बोलली. कोंबडबाजार भरत होता, दर रविवारी, आमच्या रिंगणात. आधी तो जंगलात नाल्याच्या काठी भरायचा. तिथं धाड पडली तेव्हा माणसांनी दुसरी जागा शोधली. गोल रिंगण, मऊ वाळू, वर दाट सावली, चारी बाजूंनी ताटवे, आणि अंगणवाडीत असलं काही चालत असेल असं कोणाच्या बापाला वाटणार नाही. मी लेकरांसाठी जे जे म्हणून केलं ते सगळं त्यांना आयतं मिळालं. एटापल्लीकडून मोटारसायकली यायच्या. कोंबड्याच्या पायाला काती बांधायची, म्हणजे बोटाएवढं धारदार पातं, आणि सोडायचे दोघांना, वर पैसे लावायचे, लालवर की काल्यावर. मेलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा. मदतनिसीच्या घरी दर रविवारी एक तंगडी पोचायची, म्हणून तिच्या तोंडाला कुलूप. आणि काती बांधायला कोण? ज्याची गाठ सुटत नाही तो.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पाराजवळ जाऊन चांगल्या चार माणसांसमोर सगळ्यांची सालटी काढली. ते हसले. म्हणाले, बाई, रविवारी तर तुमची सुट्टीच राहते. पोरीचा बाप हात जोडून पुढे आला, म्हणाला, आमी झाडून-लोटून ठेवतो जी, आणि तुम्ही म्हणता तर आता नाई होणार. मी फाटकाला नवं कुलूप लावलं, किल्ली गळ्यात घातली आणि त्याच्यावर विश्वास ठेवून घरी गेले.

पुढच्या सोमवारी कुलूप जसंच्या तसं होतं. ताटव्याचा एक बंध मात्र नवा होता, पांढऱ्या नायलॉनचा, आणि गाठ जाळ्याची. मी फाटक उघडलं आणि तिथंच उभी राहून मदतनिसीवर तोंड सोडलं. पोरांनी नेहमीसारख्या चपला काढल्या आणि माझ्या बाजूनं आत धावली. मी त्यांना थांबवलं नाही. मला ती गाठच दिसत होती.

किंकाळी त्या पोरीची होती हे मला आधी कळलंच नाही, कारण ती कधी रडायचीच नाही. ती वाळूत बसली होती आणि टाचेकडे बघत होती. काती वाळूत उभी राहिलेली, टाचेच्या वरच्या बाजूनं शिरलेली, अर्धी आत. मी ओढायला नको होती म्हणे, डॉक्टर नंतर म्हणाले. मी ओढली. रक्त असं आलं की माझी साडी गुडघ्यापर्यंत भिजली आणि बाकीची पोरं ओरडत ताटव्याला जाऊन चिकटली. मदतनिसीनं पदर फाडला, आम्ही पाय आवळून बांधला. एका पोराच्या मामाच्या मोटारसायकलवर मी तिला मांडीवर घेऊन मुलचेऱ्याला नेलं. सगळा रस्ता तिनं माझ्या दंडात दात रोवलेले होते. तो वण अजून आहे. टाके पडले. डॉक्टर म्हणाले, चालेल ती, पण शीर अर्धी कापली गेली आहे, पाय ओढत चालेल.

आता तुम्हाला वाटेल गाव त्या माणसांवर तुटून पडलं. छे! गाव माझ्यावर आलं. दुसऱ्या दिवशी आया फाटकात उभ्या, आणि ज्यांनी माझ्यासोबत घाणेरी उपटली होती त्याच पुढे. तुम्हीच चपला काढाले लावता, म्हणाल्या. मातीत लोळवता, चिखलात बसवता, लेकरं शिकाले पाठवतो का मराले? वरच्या मॅडमचा फोन आला, काही दिवस मुलांना आतच बसवा. फोटोबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मी पोरांना आत घेतलं, दार लोटलं. दाराच्या फटीतून पोरं चिंचांकडे बघत होती आणि मी पेंग्विनकडे. एका पोरानं विचारलं, बाई, बाहेर कधी जाऊन राह्यलो? मी त्याच्यावर उगाच खेकसले. आठवडाभर मी जेवले नाही धड, नवऱ्याशी बोलले नाही धड, भांडी घासताना ताटं आपटली. एकच गोष्ट डोक्यात होती. ते रिंगण माझ्या लेकरांचं आहे आणि ते मी यांना देणार नाही.

रविवारी मी गेले. भांडायला गेले नव्हते, हे मी कोणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगेन. बांधकामाची वाळू चाळायची मोठी जाळी नेली होती आणि ताटव्याचे बंध कापायला विळा. सगळी वाळू चाळून काढायची, ताटवे नव्यानं बांधायचे, असं मनात होतं. बांबू कापताकापता विळा बोथट झाला. दुपार कलली तेव्हा मोटारसायकली वाजल्या.

मला रिंगणात बघून ते थबकले, पण परत गेले नाहीत. बाई, सरका, एक तासाचं काम आहे, असं कोणीतरी म्हणालं. गर्दीतून पोरीचा बाप आला. त्याच्या काखेत पोरीचा तोच लाल कोंबडा होता, आणि खांद्यावर ती पोरगी, पायाला पांढरं बँडेज. चालता येत नाही म्हणून आठवडाभर तिला तो खांद्यावर घेऊनच सगळीकडे फिरत होता, आणि म्हणून इथंही घेऊन आला होता. त्यानं तिला अलगद ओंडक्यावर बसवलं, पाय लांब करून दिला, खाली पळसाचं पान ठेवलं. मग शेजारी बसला आणि कोंबड्याच्या पायाला काती बांधायला लागला. लाज म्हणून नाही. जसं आपण भाजी निवडतो तसं.

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. माझा आवाज तेव्हा शांत होता, मलाच नवल वाटलं.

"काऊन रे, काती हरवली हे तुले मालूम होतं?"

त्यानं मान वर केली नाही. गाठ अर्धी झाली होती. "मालूम होतं न बाई. अंधारून आलं होतं, भेटली नाई. सकाळी उजेडात पाहून घेतो म्हटलं."

"मंग सकाळी कुठी गेलता?"

"जाळं काढाले. मासोळी पडली होती." त्यानं दोरा दातात धरून गाठ ओढली. "तसं थोडकंच लागलं जी पोरीले. भरून येते."

पुढचं मी विचार करून केलेलं नाही. मी कोंबडा त्याच्या हातातून हिसकला. काती माझ्या मनगटावरून गेली, ते मला घरी जाऊन कळलं. कोंबड्याची मान रिंगणाच्या धोंड्यावर दाबली आणि विळा मारला. एका घावात झालं नाही, विळा बोथट. दुसरा मारला, तिसरा मारला. पंख माझ्या तोंडावर फडफडत होते, रक्त डोळ्यात गेलं. मुंडकं सुटलं तसं धड माझ्या हातातून निसटलं आणि वाळूत धावलं, पायाला काती तशीच. भलेभले मिशीवाले गडी मागे उड्या मारून एकमेकांवर पडले. ते धड गोल फिरलं, धोंड्याला आपटलं, पुन्हा फिरलं आणि ओंडक्याजवळ जाऊन आडवं झालं. मी विळा वर धरला होता.

"बोला, अजून कोणाले खेळाचं आहे?"

मग बाहेरून आलेल्यांपैकी एकानं माझ्या कानाखाली मारली, मी धोंड्यांवर पडले, कपाळ फुटलं. तो लाथ उचलत होता तेवढ्यात मागून मदतनिसीची काठी त्याच्या पाठीत बसली. म्हातारीनं असा मार दिला की काठीचे दोन तुकडे झाले आणि ती उरलेल्या तुकड्यानं मारत राहिली. दर वारावर शिव्या, आणि त्या शिव्या मी इथं लिहीत नाही. मोटारसायकली ज्या वेगानं आल्या त्याच्या दुप्पट वेगानं गेल्या. पोरीचा बाप जागचा हलला नव्हता. शेवटी तो उठला, त्यानं धडाच्या पायाची काती सोडली, कोंबडा एका हातात घेतला, पोरीला खांद्यावर घेतलं आणि गेला. पोरगी रडली नव्हती. ती मागे वळून माझ्याकडे बघत गेली, आणि मी तिच्याकडे पाहिलंच नाही. मी कपाळाचं रक्त पुसत होते आणि, खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं.

तिथं पुन्हा कोंबडबाजार भरला नाही. पोरीच्या बापानंच सगळी जुनी वाळू उकरून बंडीनं लांब नेऊन टाकली. नवी आणली आणि माझ्या जाळीवर विश्वास नसल्यासारखा मुठीमुठीनं हातातून गाळत बसला. मग अनवाणी रिंगणात उतरला आणि एकही जागा न सोडता पाय दाबत दाबत चालला. आया फाटकात उभ्या राहून बघत होत्या. त्याचं झाल्यावर एकीनं आपल्या पोराच्या चपला स्वतःच्या हातानं काढल्या. आमचं अंगण परत आमचं झालं. गावात मला मान वाढला, पारावरची माणसं आता उठून रामराम करतात. आरमोरीच्या माझ्या माहेरापर्यंत ही गोष्ट पोचली, आणि तिथं पोचेतो कोंबडे चार झाले होते.

टाके निघाल्यावर ती पोरगी यायला लागली. डावा पाय ओढत यायची. काही दिवस वाळूत उतरली नाही, ओंडक्यावर बसून सालीवर बोट फिरवायची. मी तिला बोलवायची नाही. येईल तेव्हा येईल म्हटलं. एका सकाळी मी पळसाची पानं मोजून देत होते आणि मागे पोरांचा गलका ऐकू आला, लालवर, काल्यावर. वळून पाहिलं तर दोन पोट्टे रिंगणात उड्या मारत होते आणि दोरा बांधायला दुसरीच एक मुलगी बसली होती. म्हटलं, सोड, पोरं आहेत, विसरतील.

तेवढ्यात ती ओंडक्यावरून उतरली. पाय ओढत रिंगणात गेली. दोरा बांधणाऱ्या मुलीला तिनं ढकलून पाडलं, एका पोट्ट्याची मान धरली आणि त्याला धोंड्यावर वाकवलं. तिच्या हातात बांबूची कापटी होती. ती तिनं त्याच्या मानेवर मारली, एकदा, दोनदा, तीनदा, दात आवळून. पोट्टा वाळूत लोळला, थोडे पाय झाडले आणि निपचित पडला. तिनं कापटी वर धरली आणि सगळ्यांकडे बघून माझ्या आवाजात विचारलं, "बोला, अजून कोणाले खेळाचं आहे?" पोरं मागे सरकली. त्यातल्या एकानं मला सांगितलं, बाई, ते तुम्ही बनली.

ती वाळूत गुडघ्यावर बसली. मी शिकवलं होतं तसा तिनं त्या पोराच्या काखेत तळवा ठेवला, डोळे मिटले, जरा वेळ थांबली आणि बाकीच्यांना सांगितलं, "बंद झालं."